गव्हानंतरची पहिली ज्वारी

गहू सोडल्यावर एखाद्याचे पोट शांत झाले, तर ते नेमके कशाने शांत झाले? नोकरीच्या अखेरच्या काही वर्षांत मी स्वतःला हा प्रश्न वारंवार विचारला. त्याचे उत्तर मला जितके देता येईल तितके या लेखात द्यावे, असा हेतू आहे. प्रश्न लहान दिसतो. पुण्यात हल्ली दर इमारतीत गहू सोडलेला एक तरी माणूस सापडतो आणि त्याला उत्तर आधीच ठाऊक असते. माझी अडचण तिथूनच सुरू होते.

मी आहारतज्ज्ञ होते. त्याआधी काही वर्षे शाळेत विज्ञान शिकवले होते, त्यामुळे फळ्यावर काढून दाखवल्याशिवाय समजावून सांगता येत नाही, ही खोड नोकरीभर राहिली. शनिवार पेठेजवळच्या एका धर्मादाय रुग्णालयात पोटविकारांच्या विभागाला लागून माझी खोली होती. एक टेबल, वजनकाटा, मापाच्या वाट्या-चमचे आणि मी हट्टाने मागून घेतलेला छोटा फळा. डॉक्टरांकडून निघून माझ्याकडे येणारा रुग्ण बहुधा वैतागलेलाच असे. औषधाची चिठ्ठी मिळाली की माणसाला आपली दखल घेतली गेली असे वाटते. ‘काय काय खाता?’ असे विचारले की आपल्यामागे चौकशी लागली असे वाटते.

पेठेतले एक निवृत्त गृहस्थ माझ्यासमोर बसताच म्हणाले होते, “आपण मला जिवाणू शिकवू नका. आमच्या घरचं विरजण माझ्या आजीच्या वेळेपासून चालू आहे. ते माझ्यापेक्षा शिस्तीत वागतं.”

“मग आपलं पोट का बिघडतं?”

“पोट बिघडत नाही. बाहेरचे लोक बिघडवतात.”

बाहेरचे लोक म्हणजे कोण, ते शेजारी बसलेल्या सूनबाईंच्या चेहऱ्यावरून कळत होते.

असे रुग्ण आले की दिवस बरा जाई. पण त्यांच्यावर लिहायला हा लेख घेतलेला नाही.

आधी फळ्यावरचा भाग सांगते, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. गव्हात ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. सीलिअक नावाच्या आजारात या प्रथिनामुळे शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच आतड्यावर उलटते. लहान आतड्याच्या आत मखमलीसारखी लव असते आणि अन्नातले लोह, चुना म्हणजे कॅल्शियम वगैरे तिच्यातून अंगी लागतात. सीलिअकमध्ये ती लव झडून सपाट होते. मग माणूस कितीही चांगले खावो, अंगी लागत नाही. या आजारात गव्हाचा कणही घातक असतो आणि पथ्य जन्मभराचे असते.

दुसरा आजार आयबीएस. यात दुर्बिणीतून पाहिले तर आतडे निर्दोष दिसते, पण पोट फुगते, दुखते, शौचाचे वेळापत्रक उरत नाही. यातल्याही अनेकांना गहू सोडल्यावर बरे वाटते. मात्र त्यांचा शत्रू बहुधा ते प्रथिन नसते. गव्हात फ्रुक्टान नावाची एक शर्करासाखळीही असते. कांद्या-लसणातही तीच असते. ती आपल्याला पचवता येत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू ती खातात आणि वायू सोडतात. ज्याचे आतडे हळवे, त्याला तो वायू सोसत नाही. पण अशा माणसाला थोडा गहू चालतो. त्याने सणाला एक पोळी खाल्ली तर संध्याकाळी पोट कुरकुरेल, इतकेच. गव्हाने त्रास होतो आणि तरीही या दोन्ही खणांत बसत नाही, असेही लोक असतात. त्यांच्याबद्दल जाणकारांचे अजून एकमत नाही.

आता जिवाणू. दोन्ही आजारांत आतड्यातल्या जिवाणूंची वस्ती निरोगी माणसापेक्षा बरेचदा वेगळी आढळते, हे खरे. पण वस्ती बदलली म्हणून आजार झाला, आजारामुळे वस्ती बदलली, की जेवण बदलल्यामुळे वस्ती बदलली, हे कोणालाही खात्रीने सांगता आलेले नाही. शाळेतले उदाहरण द्यायचे तर, मुले गोंधळ करतात म्हणून गुरुजी वर्गाबाहेर गेले, की गुरुजी बाहेर गेले म्हणून मुले गोंधळ करतात, हे खिडकीतून एकदा डोकावून ठरवता येत नाही. एवढे लक्षात ठेवून पुढे वाचावे.

नीलेश हा वारज्याचा. गावठाणातले मूळ घराणे. शेती इमारतींखाली गेली, पण वडिलांनी पिठाची गिरणी बंद केली नव्हती. या वडिलांना सारे अण्णा म्हणत. चार मजली घराच्या तळाशी गिरणी आणि वर कुटुंब. नीलेश आयटीत होता. मीटिंगमध्ये पोट गुडगुडते, ही त्याची मुख्य तक्रार.

“मॅडम, व्हीट बंद केलं आणि लाइफच चेंज झालं,” तो म्हणाला.

“रक्ताची तपासणी?”

“निगेटिव्ह.”

“गहू सोडण्याआधी केली की नंतर?”

“आधी. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, गहू खाताय तोवर करून घ्या.”

म्हणजे त्याला सीलिअक नव्हता. मी फळ्यावर दोन वर्तुळे काढली, त्याला आयबीएसच्या वर्तुळात बसवले, कांदा-लसूण कमी करायला सांगितले आणि सणाची पोळी मोकळी केली.

“म्हणजे होळीला चालेल?”

“एक चालेल.”

तो खूश होऊन गेला. काही महिन्यांनी परत आला तेव्हा बरोबर बायको आणि आई होत्या.

अश्विनी पस्तिशीची असावी. ओठ फिकट, मनगटाला पट्टा. न्हाणीघरात साधी घसरली आणि हाड मोडले, असे सांगण्यात आले. सांगितले नीलेशनेच, त्या पहिल्या भेटीत जवळजवळ सगळे तोच सांगत होता.

“हिलाही सेम आहे. हे बघा.” त्याने टेबलावर दोन रंगीत अहवाल शेजारीशेजारी मांडले. एका कंपनीकडे शौचाचा नमुना डबीत घालून कुरिअरने पाठवायचा, मग ती कंपनी पोटातल्या जिवाणूंचा नकाशा पाठवते. नकाशात लाल, पिवळे, हिरवे पट्टे होते. दोघांच्याही अहवालात अमुक उपकारक जिवाणू लाल, म्हणजे कमतरतेच्या, पट्ट्यात होते आणि दोघांनाही त्याच कॅप्सूल सुचवल्या होत्या. “ऑलमोस्ट आयडेंटिकल. म्हणजे प्रॉब्लेम एकच ना?”

सासूबाई भिंतीकडच्या खुर्चीतून म्हणाल्या, “म्याडम, हिचं काय खरं न्हाई. ह्याला शिंक आली की हिला पडसं हाय.”

“माझं लग्नाआधीपासून दुखतंय,” अश्विनी म्हणाली. “ह्यांचं नंतर सुरू झालं.”

“हे तू मला कधी बोललीच नाहीस.”

“बोलले होते. तुम्ही म्हणालात, टेन्शन आहे.”

मी तिचे जुने कागद पाहिले. वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या, तरी हिमोग्लोबिन वर यायला तयार नाही. दोनदा गर्भ राहिला आणि दोन्ही वेळा गेला. रक्ताची ती तपासणी झाली होती आणि जेमतेम निर्दोष होती, आकडा मर्यादेच्या अगदी काठावर.

“ही तपासणी केव्हा केली?”

“ह्यांनी गहू सोडला तेव्हा मीही सोडला,” ती म्हणाली. “एका घरात दोन स्वयंपाक कुठे करायचे. त्यानंतर तीन-चार महिन्यांनी केली.”

ही तपासणी ग्लुटेनविरुद्ध शरीराने तयार केलेली द्रव्ये मोजते. ग्लुटेन बंद केले की ती द्रव्ये ओसरू लागतात. म्हणजे तिची तपासणी आग विझत आल्यावर धूर शोधण्यासारखी होती. आणि तेवढ्यावर तिच्या कागदावर आयबीएस लिहिले गेले होते. नवऱ्याचा आजार तिला नवऱ्याच्या आडनावासारखा लागला होता.

जिवाणूंच्या अहवालांचे कोडे त्याहून सोपे होते. ज्या जिवाणूंना कंपनीने लाल पट्ट्यात टाकले होते, त्यांतले बरेचसे त्या फ्रुक्टानवरच जगतात. या घरात गहू बंद, माझ्याच सांगण्यावरून कांदा-लसूण कमी, आणि दोघे एकाच पातेल्यातले जेवत होते. वस्ती उपाशी होती. अहवालाने आजार सांगितलाच नव्हता, जेवण सांगितले होते. कंपनीने परिणामाला कारण ठरवले आणि त्या कारणावर कॅप्सूल विकल्या. मी हे सगळे फळ्यावर मांडून दाखवले. नीलेशने फळ्याचा फोटो काढला आणि विचारले, “पण मग रिपोर्ट सेम कसे?”

आमच्या ज्येष्ठ डॉक्टरांनी अश्विनीला जे सांगितले ते निर्दय वाटेल, पण दुसरा मार्ग सरळ नव्हता. तिने दीड-दोन महिने पुन्हा रोज पोळी खायची आणि मग तपासणी करायची. नीलेशचा विरोध होता. कॅप्सूलचा कोर्स वाया जाईल म्हणून. सासूबाईंना आनंद झाला. सून माणसासारखी जेवायला लागली म्हणून. अश्विनी मधूनमधून रुग्णालयात फोन करी. “बाई, अजून किती?” एवढेच विचारी. मी उरलेले आठवडे सांगे आणि ती फोन ठेवी.

तपासणी आली ती इतकी स्पष्ट होती की शंकेला जागा नव्हती. दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून पाहिला, तर लव सपाट झालेली. सीलिअक. कित्येक वर्षांचा. लोहाच्या गोळ्या का लागू पडल्या नाहीत आणि साध्या घसरण्याने हाड का मोडले, यांचे उत्तर त्यात होते. गेलेल्या गर्भांचेही कदाचित त्यातच असेल, असे डॉक्टर म्हणाले. ‘कदाचित’ हा शब्द त्यांनी जपून वापरला आणि तिने तो तितक्याच जपून ऐकला.

मी तिला पथ्य शिकवले. परात, तवा, पोळपाट वेगळे. भाजणी बंद, कारण तिच्यात गहू असतो. बाजारातला हिंग बंद, कारण त्यात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. सणाची पोळी नाही, प्रसादाचा शिरा नाही. नवऱ्याची सवलत तिला लागू नाही, हे मी सासूबाईंसमोर तीनदा सांगितले. अश्विनी चांगली विद्यार्थिनी होती. न समजलेले परत विचारी, समजलेले पाळी.

आणि तरीही वर्ष होत आले तरी ती बरी होईना. पोट थोडे निवले, पण रक्तातली ती द्रव्ये मर्यादेच्या जरा वरच अडकली होती आणि हिमोग्लोबिन जिथल्या तिथे होते. विभागातल्या एका तरुण डॉक्टरांनी तिच्या कागदावर लिहिले: पथ्य पाळत नाही. आमच्या व्यवसायात हे तीन शब्द सगळ्यांत सोयीचे आहेत. ते लिहिले की विचार करण्याचे काम संपते आणि दोष रुग्णाच्या घरी पोहोचतो.

या वेळी तो लगेच पोहोचला. “चोरून खाती,” सासूबाई मला बाहेरच्या बाकावर म्हणाल्या. “रात्रंदिस भाकरी कोण खाईल? नीलेश तीच भाकरी खातो, त्याला काय हुतंय का? अण्णाबी म्हनले, पोरगी खातीय कायतरी.”

अश्विनी माझ्या खोलीत बसली होती. “बाई, मी खात नाही,” ती म्हणाली. “निदान तुम्ही तरी...” पुढचे तिने सोडून दिले.

रुग्णाचे सांगणे आणि शरीराचे सांगणे जुळेना की स्वयंपाकघर पाहावे, अशी माझी पद्धत होती. सांगणारा खोटे बोलतो हा निष्कर्ष शेवटचा. आधी भांडी पाहायची. एका सुटीच्या दिवशी मी वारज्याला गेले.

स्वयंपाकघर तिसऱ्या मजल्यावर होते आणि आमच्या रुग्णालयातल्यापेक्षा नेटके होते. वेगळी परात, वेगळा तवा, तिच्या डब्याला लाल फीत. हिंगाची डबी नव्हतीच. ज्वारीचे पीठ पांढरेशुभ्र. मी डबा हातात घेऊन विचारले, “हे दळतं कोण?”

“अण्णाच. खाली.”

खाली उतरले. अण्णांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर पीठ होते. गिरणी चालू होती. एक बाई डबा घेऊन आली आणि मराठी मुलखातल्या कोणत्याही गिरणीत विचारला जातो तो प्रश्न तिने विचारला. “ज्वारीवर ज्वारी ना, अण्णा?”

“ज्वारीवरच. ठिव तिथं.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गिरणीच्या दगडांत आधीच्या धान्याचे पीठ शिल्लक राहते. गव्हावर ज्वारी दळली तर पहिल्या पिठात गहू उतरतो आणि भाकरी बिघडते. म्हणून गिऱ्हाईक ज्वारीवर ज्वारी मागते. मीही आयुष्यभर मागत आले होते. त्या दिवशी मात्र मला एक साधी गोष्ट सुचली: सगळ्यांची ज्वारी ज्वारीवर दळली जात असेल, तर गव्हावर कोणाची दळली जाते?

“अण्णा, गव्हानंतरची पहिली ज्वारी कोणाची असते?”

ते हसले. “आमची. आनिक कुनाची असनार? गिऱ्हाइकाला मिसळीचं पीठ दिऊ व्हय? घरचा डबा आधी घालायचा, दगड साफ व्हतो, मग लोकांची. माझ्या बापापासनं असंच हाय.”

त्यांनी हे अभिमानाने सांगितले आणि त्या अभिमानाचा त्यांना हक्क होता. आसपासचे गिरणीवाले ते पहिले पीठ निमूटपणे गिऱ्हाइकाच्या डब्यात सोडत असतील. अण्णा सोडत नव्हते. ते मिसळीचे पीठ कोणाला बाधणारेही नव्हते. नीलेशला तेवढा गहू कळतही नव्हता, म्हणून पिठावर कोणाचा संशय गेला नाही. सबंध वारज्यात माझ्या माहितीतल्या ज्या एका माणसाला ते बाधणार होते, ती त्यांच्याच घरात वर राहत होती आणि रोज दोन वेळा त्याच पिठाची भाकरी खात होती.

मी समजावून सांगितले. फळा नव्हता, म्हणून पत्र्यावर साचलेल्या पिठात बोटाने काढून दाखवले. अण्णांनी मोटर बंद केली. डबा घेऊन आलेली बाई म्हणाली, “अहो, माझं?” त्यांनी ऐकले नाही.

“म्हंजी मीच की,” ते म्हणाले.

अश्विनी माझ्यामागे जिन्यात उभी होती. “अण्णा, तुम्हाला कुठे माहीत होतं.”

“ते न्हवतं ठावं. पन तू चोरून खातीस असं म्हनलो ना मी. ते तर माझ्या तोंडानं म्हनलो.”

ती वळली आणि जिना चढून वर गेली. थांबायला हवे होते असेही मला वाटत नाही.

घरघंटीला अण्णा वर्षानुवर्षे ‘खेळणं’ म्हणत आले होते. घरोघरी आलेल्या त्या विजेच्या छोट्या चक्कीने त्यांचे निम्मे गिऱ्हाईक नेले होते. त्याच आठवड्यात त्यांनी घरघंटी आणली आणि चौथ्या मजल्यावर, गिरणीच्या धुरळ्यापासून दूर ठेवली. तिच्यात गव्हाचा दाणा जायचा नाही. सुनेची ज्वारी ते स्वतः निवडत, हातपाय धुऊन, कपडे बदलून वर जात आणि दळत. काही महिन्यांत अश्विनीच्या रक्तातली द्रव्ये उतरली. हिमोग्लोबिन पहिल्यांदा वर आले. ओठांना रंग आला.

इथे थांबले तर गोष्ट गोड होईल, पण तशी ती नाही. हाडांची झीज पूर्ण भरून आली नाही. पट्टा गेला, जपणे राहिले. पुन्हा दिवस राहिले नाहीत. वय झाले होते, असे सगळे म्हणतात. वय कशात गेले, ते कोणी म्हणत नाही. तरुण डॉक्टरांनी लिहिलेले तीन शब्द कोणी खोडले नाहीत. कागदावर खोडाखोड करायची नाही, असा नियम आहे.

आणि नीलेशने एक व्हिडिओ केला. कंपनीने अनुभव सांगाल का विचारले, तो हो म्हणाला. व्हिडिओत ती दोघे सोफ्यावर बसली आहेत. तो म्हणतो, आम्ही दोघांनी गहू सोडला, जिवाणू सुधारले, आज दोघेही फिट आहोत. अश्विनी शेजारी बसून समोर पाहते. पुढच्या भेटीत मी त्याला विचारले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, कॅप्सूलही चालू होत्याच ना. नेमका कशाने फरक पडला, प्रूव्ह कसं करणार?”

प्रश्न अगदी बरोबर होता. मी शाळेत असते तर त्याबद्दल त्याला पूर्ण गुण दिले असते. फक्त तो उत्तरासाठी विचारलेला नव्हता. उत्तर आमच्याकडे होते: कॅप्सूल वर्षभर चालू असताना रक्त सुधारले नाही, पीठ बदलल्यावर सुधारले. अश्विनी त्याला म्हणाली, “तुमचा अनुभव तुम्ही सांगा हो. माझा कशाला सांगितलात?” त्याला ते लागलेले दिसले नाही.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यात एक बाई शाळकरी मुलीला घेऊन आल्या. मुलीची उंची वाढत नव्हती. बाईंनी मोबाइल पुढे केला. तोच सोफा, तीच दोघे. “आम्हीही दोघींनी गहू सोडलाय,” त्या म्हणाल्या. मी तपासणीचे विचारले. “केली. निगेटिव्ह आहे.” आधी की नंतर, हे विचारण्यापूर्वीच मला उत्तर कळले होते. त्या मुलीला मी डॉक्टरांकडे परत पाठवले. पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही, कारण मी निवृत्त झाले आणि माझ्या जागी कोणाची नेमणूक झाली नाही. खोलीत आता औषधांची खोकी असतात. फळा मी मागितला होता. तो देता येत नाही असे कळवण्यात आले.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे: गहू सोडून पोट शांत झाले, तर ते कशाने झाले हे पोट शांत झाल्यावरून कळत नाही. आजार वेगळा असतो, पथ्य वेगळे असते, आणि एकाची सवलत दुसऱ्याच्या आतड्यात विष होऊन उतरते. मी सांगते म्हणून हे मानू नका. गहू सोडण्याचा विचार असेल तर सोडण्याआधी, गहू खात असतानाच, डॉक्टरांकडे जाऊन ती रक्ततपासणी मागा. सोडून झाला असेल तर आपली तपासणी आधीची की नंतरची, ते तारखांवरून पाहा. आणि उद्या दळण टाकायला जाल तेव्हा गिरणीत विचारा, गव्हानंतरची पहिली ज्वारी कोणाच्या घरी जाते.